जिवंतपणीची आंघोळ

त्या रशियन पिक्चरचं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. भाऊमामाला कितीदा विचारलं, तर तो म्हणायचा, "अगो, नाव रशियनमध्ये लिहिलेलं होतं, मला काय वाचता येतंय?" आता मामाही गेला. नातू म्हणतो, आजी, तू गोष्ट सांग, मी मोबाईलवर शोधून काढतो. मी सांगितलं, एक म्हातारा असतो, त्याची मुलगी पळून जाते आणि तो बटाटे पुरतो. त्यावर पोराने माझ्याकडे असं काही बघितलं की मी पुढे बोललेच नाही. पण होता हो तसा पिक्चर. आमच्या शाळेच्या अंगणात दोन धोतरं शिवून केलेल्या पडद्यावर अख्ख्या गावाने तो पाहिला, आणि सगळ्यात पुढे, मानाच्या खुर्चीवर बसून, माझ्या वडिलांनी पाहिला. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे आता मला एकटीलाच माहीत आहे. म्हणून लिहिते.

आमचं गाव चिपळूणपासून बरंच आत. एस.टी. खालच्या फाट्यावर सोडून द्यायची आणि मग चढणीने घरापर्यंत यायचं. घर जांभ्या चिऱ्याचं, वर कौलं, पुढे लांब पडवी, अंगणाला दगडांचा गडगा. सकाळी जाग यायची ती विहिरीच्या रहाटाच्या कुरकुरीने, मग आबांचं खाकरणं, मग आईच्या बांगड्या आणि चुलीत फुंकर. न्याहारीला उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा. दुपारी कुळथाची पिठी, भात, असलं तर तोंडाला सुकटीची चटणी. रात्री परत पिठी. ताई म्हणायची, "आई, मी मेले ना की माझ्या तोंडात पाणी नको घालू, पिठीच घाल, सवयीची तरी आहे." आई लाटणं उगारायची आणि आबा पानावर बसल्या बसल्या हसायचे. ताईचं नाव सुमन, पण गावात तिला सगळे आबांची सुमन म्हणायचे, कारण आबांचा तिच्यावर फार जीव. झाडावरचा पहिला पिकलेला आंबा तिच्या हातात पडायचा. ती समोर बसल्याशिवाय ते घास उचलत नसत. मी धाकटी, मला त्याचा राग यायचा, आणि ताई अर्धा आंबा मला देऊन तो घालवायची.

आबा गावचे मानकरी. ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी देवळातून बाहेर पडते आणि ढोलताशाच्या गजरात घरोघर जाते. पहिला खांदा कुणाचा, पहिलं घर कुणाचं, पहिला नारळ कुणाचा, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. यावरून आमच्याकडे डोकी फुटतात, सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला जात नाहीत. पहिला खांदा आमच्या घराचा होता. आमच्याकडे जमीन बेताची, दागिने नावाला, पण पालखी पहिली आमच्या दारात यायची आणि घरची बाई देवीची ओटी भरायची. आबा वर्षभर अंगात फाटका सदरा घालून फिरत आणि शिमग्याला कोरं धोतर नेसून असे काही उभे राहत, की वाटावं हा माणूस बाकीचे दिवस नुसता वाट बघत जगतो. आज मला त्याची चीड येते. तेव्हा मात्र मलाही छाती भरून यायची, उगाच खोटं कशाला सांगू!

भाताची लावणी आटोपल्यावर ताई गेली. मधुकर नावाचा मुलगा आमच्याच गावच्या बौद्धवाडीतला, चिपळूणला एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. ताई शिवण शिकायला चिपळूणला जायची, एस.टी.त ओळख झाली, एवढंच मला माहीत. मुलगा शांत, शिकलेला, निर्व्यसनी. तोच आमच्या जातीचा असता तर आबांनी नारळ घेऊन त्याच्या दारात जाऊन बोलणी केली असती. ताईने आईला सांगितलं, आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. मग एक दिवस ती शिवणाच्या पिशवीत दोन साड्या घालून गेली आणि चिपळूणला मधुकरशी लग्न करून राहिली.

गावकी, म्हणजे गावची पंचायत, बसली आमच्याच अंगणात. गावकर होते रावजीकाका, आबांचे चुलतभाऊ. गावात त्यांचा शब्द चाले, आणि आबांनंतरचा दुसरा खांदाही त्यांचाच. ते म्हणाले, "हे बघ, आबा. पोर त्या घरात गेली म्हटल्यावर तुझं घर वाळीत. तुझ्या घरी कुणी जेवणार नाय, तुझ्या विहिरीवर कुणी येणार नाय, पालखी तर लांबच राह्यली. नायतर तिच्या नावानं आंघोळ कर. ती मेली, विषय संपला, मान जाग्यावर." आई दाराआडून म्हणाली, "जिवंत हाय ती, भाऊजी." रावजीकाका दाराकडे न बघता म्हणाले, "वहिनी, कागदावर मेलीच पाहिजे असं नाय. गावात मेली की झालं."

रागात "तुझ्या नावानं आंघोळ केली" असं कितीतरी लोक म्हणतात. आमच्या घरात ती खरोखर झाली. भटजींना बोलावलं, ते म्हणाले, जिवंत माणसाचं मी करणार नाही, मला पाप नको. मग रावजीकाकांनीच सगळं सांगितलं. आबा विहिरीवर बसले, न्हाव्याने त्यांची मिशी उतरवली, आणि सगळ्या गावकीदेखत त्यांनी डोक्यावरून कळशी ओतली. मला आणि आईलाही मागीलदारी आंघोळ करायला लावली. आई अंगावर पाणी घेत होती आणि बडबडत होती, "माझ्या सुमनला उदंड आयुष्य दे, माझ्या सुमनला उदंड आयुष्य दे." मग दहा दिवस सुतक. देवाला दिवा नाही, पानात तेल नाही. शेजारच्या बायका भेटायला आल्या, मयताला येतात तशा डोक्यावर पदर घेऊन, आणि रडल्यासुद्धा. त्यातल्या एकीने तर ताईला आदल्याच आठवड्यात चिपळूणच्या बाजारात भाजी घेताना बघितलं होतं. रडून झाल्यावर तिनेच आईच्या कानात सांगितलं, "बरी दिसत होती हो."

दहाव्याला ओढ्याकाठी भाताचा पिंड ठेवला. आता पिंडाला कावळा शिवायला हवा, त्याशिवाय मेलेल्याचं मागे काही राहिलेलं नाही हे कळत नाही. ऊन चढलं, कावळे समोरच्या आंब्यावर बसलेले, पण एक खाली उतरेना. मग रीतच आहे, मेलेल्याची इच्छा काय असेल ते एकेकाने ओळखायचं आणि पुरी करतो म्हणून सांगायचं. कुणी म्हणालं, धाकटीला नीट सांभाळू म्हणा. कुणी म्हणालं, तिला हिरवी साडी हवी होती, ती देवीला नेसवू म्हणा. कावळा ढिम्म. गावात दगडूआजा म्हणून सगळ्यात म्हातारा माणूस होता, त्याने आयुष्यात शंभर पिंड बघितलेले. तो सवयीने बोलून गेला, "पोर बिनलग्नाची गेली ना? तिच्या मनासारखं लगीन लावून देतो म्हणा, लगेच शिवंल."

दगडूआजा बिचारा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, आपण काय चुकीचं बोललो ते त्याला कळेना. आबा पाण्याकडे बघत होते. तेवढ्यात आमचीच एक कोंबडी मागून चालत आली होती, ती पुढे झाली आणि पिंडावर चोच मारून भात खायला लागली. पोरं खुसखुसली. रावजीकाका उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "शिवला." कुणीतरी म्हणालं, "काका, कोंबडी हाय ती." काका म्हणाले, "पाखरूच ना? शिवला म्हणतो ना मी!" आणि सगळे उठून घरी जेवायला गेले. मला हसू आणि रडू एकदम येत होतं. मी तोंडात पदर कोंबून घरी आले.

भाऊमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मुंबईत छापखान्यात होता आणि तिथल्या कसल्याशा रशियन मैत्रीच्या मंडळात जायचा. थंडीत रजा घेऊन तो यायचा तेव्हा मंडळाचं मशीन आणि पिक्चरचे डबे घेऊन यायचा, फुकट. आमच्या गावाने हिंदी पिक्चर कमी आणि रशियन जास्त बघितलेत म्हटलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. भाषा कुणालाच कळत नसे. मामा पडद्याशेजारी काठी घेऊन उभा राहायचा आणि मराठीत सांगायचा, "आता ही बाई चिडलीय, कारण हिचा नवरा दारू पिऊन आलाय." लोक म्हणायचे, ते दिसतंय रे, पुढचं सांग. त्या वर्षीही तो आला. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडून रडला, आबांशी एक शब्द बोलला नाही, आणि संध्याकाळी शाळेत पडदा बांधला. पुढे कधीतरी मी त्याला विचारलं, तोच पिक्चर का आणलास? तो म्हणाला, "तुझ्या बापाला दाखवायला. दुसरं मी काय करणार होतो? मला कुठं गावकीत बसवत होते?"

दिवेलागणीला सगळं गाव जमलं. पुढे खुर्च्या दोनच, एक आबांची, एक रावजीकाकांची. मागे पुरुष, एका बाजूला बायका, पोरं जमिनीवर. पडद्यावर बर्फाने भरलेलं गाव आलं. लाकडी घरं, घोडे, डोक्यावर केसाळ टोप्या घातलेली माणसं. एकजण ओरडला, "आयला, ह्यांनी डोक्यावर मांजरं घेतल्यान!" हशा झाला. मामाने रशियन नावांच्या भानगडीत न पडता म्हाताऱ्याला तात्या म्हटलं आणि त्याच्या मुलीला चंपा. तात्या गावातला मानाचा माणूस. जेवणाला पहिला बसणार, पहिला पेला त्याचा. तो मिशीवरून असा हात फिरवायचा की लोक हसून लोळले. चंपा नदीपलीकडच्या एका बाजा वाजवणाऱ्या पोराबरोबर निघून जाते. इथे हसणं जरा कमी झालं. मला बायकांमध्ये आईचा हात सापडला, तो मी धरून ठेवला.

तात्या गावाला सांगतो, चंपा नदीत बुडाली. मग मयत करायला हवं. प्रेत तर नाही, म्हणून तो शवपेटीत बटाट्यांचं पोतं भरून वर खिळे ठोकतो. सगळं गाव रडत पेटी खांद्यावर घेऊन टेकडी चढतं. वरून एकाचा पाय घसरतो आणि पेटी बर्फावरून जी सुटते ती सुटतेच. कोंबड्यांमधून, कुंपणातून, बाया किंचाळतायत, पाद्री मागे धावतोय, तात्या टोपी सांभाळत घसरत चाललाय, आणि पेटी खाली गोठलेल्या नदीवर आपटून फुटते. बर्फावर बटाटेच बटाटे. आमचं गाव पोट धरून हसत होतं. रावजीकाकासुद्धा हसत होते, खुर्चीच्या हातावर थापा मारत. मग पडद्यावरची माणसं सगळी गप्प उभी राहतात. तात्याकडे बघतात. बटाट्यांकडे बघतात. आणि एक म्हातारी खाली वाकते, एक बटाटा उचलते, डोक्याच्या रुमालाने पुसते आणि पेटीत ठेवते. मग दुसरा माणूस. मग तिसरा. सगळे मिळून बटाटे टोप्यांत गोळा करून पेटीत भरतात, झाकण ठोकतात, पेटी परत खांद्यावर घेतात आणि परत रडायला लागतात.

तेव्हा मागच्या अंधारातून कुणीतरी कोंबडीचा आवाज काढला. हलकाच, दोनदा. आमच्यातलं हसणं बंद झालं. चूल विझावी तसं विझलं. मशीनची खरखर तेवढी ऐकू येत होती. रावजीकाका मागे वळून ओरडले, "कोण तो? कोण हाय रे?" सगळे आबांच्या पाठीकडे बघत होते. आबा उठले असते तर तो पिक्चर आपला आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून ते उठले नाहीत. मामा पडद्याशेजारी उभा राहून आता पडद्याकडे नाही, आबांकडे बघून सांगत होता. "चंपा परत आलीय. तिच्या कडेवर मूल हाय. ती खिडकीत उभी हाय. तात्या सार पितोय. तात्यानं वर बघितलंन." त्यानंतर मामाचा आवाज फुटला आणि तो बोलायचा थांबला. तात्या चमचा खाली ठेवतो, उठतो, खिडकीचा पडदा ओढतो आणि परत येऊन सार प्यायला लागतो. शेवटी बर्फ वितळतं. तात्या थडग्यावर जातो तर तिथे मातीतून हिरवे कोंब वर आलेले. बटाटे उगवलेत! लोकांनी बघू नयेत म्हणून तो गुडघ्यांवर बसून ते उपटायला लागतो, एक उपटतो, दुसरा उपटतो, रडतो, हसतो, आणि कोंब काही संपत नाहीत. पडदा काळा झाला. कुणी टाळी वाजवली नाही.

मला वाटलं, आता झालं. सतरा वर्षांची होते मी, मला वाटायचं माणसाने एवढं बघितल्यावर त्याला कळणारच. घरी जाताना मी कंदील घेऊन पुढे, मागे आबा, त्यांच्या मागे आई आणि मामा. अर्ध्या चढणीत आबा थांबले आणि म्हणाले, "चांगला होता पिक्चर. त्या माणसानं शब्द राखलान. पडदा ओढताना हात नाय हलला त्याचा." इतकी वर्षं झाली, अजून मला कळत नाही की त्यांनी ते मामाला टोचायला म्हटलं, की खरंच त्यांना तसं दिसलं. पण खरंच तसं दिसलं असणार. एकाच पडद्यावर मामाला एक माणूस दिसत होता आणि आबांना दुसरा. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा निघाला तेव्हा आईने त्याला एवढंच विचारलं, "खिडकीतनं गेल्यावर ती पोर कुठं गेली?"

"ते पिक्चरमध्ये नाय दाखवलंय, आक्का."

"ते नाय दाखवलं, मग दाखवलं काय?" आई म्हणाली आणि त्याच्या पिशवीत फणसपोळी भरायला लागली.

संक्रांत झाल्यावर ताई आली. दुपारची वेळ, आबा पडवीत बसून सुंभ वळत होते. गडग्यापाशी ती उभी राहिली, पोट पुढे आलेलं, चेहरा पिवळा, पाय सुजलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत, त्यात तिची सासू अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगात रक्त नाही, कुणीतरी जपायला हवं. ती म्हणाली, "आबा, मला बाळंतपणापुरतं ठेवून घ्या. मी घरात येत नाय, गोठ्यात निजेन. तुम्ही बोलू नका माझ्याशी." आबांनी वर बघितलं. मी दारातून त्यांचं तोंड बघत होते. त्यांच्या ओठांवर तिचं नाव आलेलं मला दिसलं, देवाशपथ दिसलं! मग खालच्या वाटेने रावजीकाकांच्या घरचं कुणीतरी लाकडं घेऊन चाललेलं दिसलं, आणि आबा उठले. आमच्या घरात पडदा नव्हता. ते आत आले, मला मागे सारलं आणि दार लावून घेतलं. आई आतून त्या दारावर मुठी मारत होती, आणि आबा कडीवर हात ठेवून उभे होते. बाहेर ताई रडली नाही. जरा वेळ दाराच्या फटीतून ती गडग्यापाशी उभी दिसली, मग दिसेना. आई मागीलदारी धावली, काजूच्या बागेतून तिला गाठलं, तिच्या ओटीत तुपाचा गडू आणि कुळीथ घातले. आईने तिला जिवंत बघितलं ते शेवटचं.

शिमगा आला. पालखी निघायच्या दिवशी सकाळी आई चुलीवर पुरण शिजवत होती, मी वेलची कुटत होते, अंगणात सडा घातलेला. गडग्याबाहेर मधुकरचे वडील येऊन उभे राहिले. म्हातारा माणूस, पायात वहाणा नाहीत. आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "आबा, सुमनबाय पहाटे गेली. चिपळूणला. रक्त थांबलं नाय. मुलगी झालीय, ती हाय. सुमनबायला टेंपोतून घरी आणलीय. तुम्ही आलात तर..." पुढे त्यांना बोलवेना. आबा कोरं धोतर नेसत होते. निऱ्या हातातच राहिल्या. मग ते म्हणाले, "आमची मुलगी गणपतीच्या आधीच गेली." मधुकरच्या वडिलांनी हात जोडले आणि गेले. आईने चुलीखालचं जळण ओढलं, पुरणाचं भांडं खाली उतरवलं, आणि भिंतीला टेकून बसली. मी रडायला लागले तर म्हणाली, "थांब. आत्ता नको."

थोड्या वेळात रावजीकाका आले. त्यांच्या कानावर गेलं होतं. पडवीतच आबांना म्हणाले, "घाबरू नकोस. आपण आधीच सुतक पाळलंय. एका माणसाचं सुतक दोनदा नसतं. तू काय बोलू नकोस, पालखी येईल ती येईल." घरात सुतक असेल तर पालखी त्या दारात येत नाही, पुढच्या घरी जाते, आणि एकदा पहिलेपण गेलं की ते परत मिळवायला कोर्टकचेऱ्या कराव्या लागतात. हे सगळ्यांना माहीत होतं. आबांनी खांद्यावर शेला टाकला आणि रावजीकाकांच्या मागून सहाणेकडे, पालखी बसवतात त्या ओट्याकडे, गेले.

ढोल जवळ येत गेले. चढणीवर गुलाल दिसायला लागला. पुढचा खांदा आबांचा, गुडघ्यात वाकून, पालखी डोलवत, ते नाचत येत होते. साठीच्या घरातला माणूस, आणि असे नाचत होते की तरुण पोरं मागे पडावीत. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येत नाही. पालखी गडग्यात शिरणार तेवढ्यात आई पडवीतून खाली उतरली. काखेत कळशी होती. मला वाटलं, पालखीवाल्यांच्या पायांवर घालायला पाणी आणलंय, तशी रीत आहे. सगळ्यांनाच तसं वाटलं, ढोलवाले बाजूला सरकले. आई अंगणाच्या मधोमध उभी राहिली, कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ओतली.

ढोल थांबले. रावजीकाका पुढे आले. "वहिनी, हे काय चालवलंय?"

"लेकीचं सुतक आईला लागतं," आई म्हणाली. "माझी सुमन गेली."

"ती कधीच गेली. गणपतीच्या आधी."

"तेव्हा तुम्ही मारलीत. मेली ती आज."

दगडूआजा मागे कुठेतरी होता, त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. रावजीकाकांनी आईकडे पाठ केली आणि आबांना विचारलं, "बायकांचं बोलणं गावकी धरत नाय. घर तुझं हाय. तू सांग. तुझ्या घरात सुतक हाय की नाय?"

आबांच्या खांद्यावर पालखीचा दांडा होता. त्यांनी आईकडे बघितलं. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, कपाळावरचं कुंकू गालावर ओघळलेलं. आईने विनवलंसुद्धा नाही. नुसती त्यांच्याकडे बघत उभी राहिली, आणि मला आठवतं, मी मनात म्हणत होते, आबा, हो म्हणा, एक शब्द म्हणा, मी जन्मभर तुमचे पाय चेपीन.

"नाय," आबा म्हणाले.

ढोल वाजायला लागले. आईने कळशी खाली ठेवली, माझा हात धरला आणि पालखीच्या बाजूने आम्ही दोघी बाहेर पडलो. लोकांनी वाट दिली. बौद्धवाडीत जायला ओढा ओलांडावा लागतो, तिथपर्यंत आमच्या अंगणातले ढोल ऐकू येत होते. मधुकरच्या घरात ताईला पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं. तोंड अगदी लहान दिसत होतं. मधुकर कोपऱ्यात बसला होता, त्याने आम्हाला बघितलं आणि परत गुडघ्यांत डोकं घातलं. आई ताईच्या उशाशी बसली. तिच्या लुगड्यातून पाणी गळून जमीन भिजत होती. मधुकरच्या आईला धड उठता येत नव्हतं, ती अंथरुणावरूनच म्हणाली, "ओल्यानं बसू नका, बाय. माझं लुगडं हाय दांडीवर, ते नेसा." आईने ते घेतलं, आतल्या खोलीत जाऊन नेसली, आणि बाहेर येताना तान्ही मुलगी तिच्या हातात होती.

त्या मुलीला वाढवायला आई तिथे राहिली. मी काही महिन्यांनी मामाकडे मुंबईला गेले, पुढे माझं शिक्षण, लग्न सगळं तिकडून झालं. गावकीने आईला वाळीत टाकलं, पण आबांना नाही, कारण आबांनी सगळ्यांदेखत नाही म्हटलं होतं. मी कधी घरी गेले की आबा स्वतः चुलीवर पिठी करून वाढायचे, खारट व्हायची, आणि आम्ही दोघं न बोलता जेवायचो. ओढ्यापलीकडचं त्यांनी कधी विचारलं नाही. एकदाच, मी निघताना, पडवीच्या खांबाला धरून म्हणाले, "चालायला लागली काय ती?" मी म्हटलं, "शाळेत जाते आता." त्यांनी मान हलवली आणि आत गेले. आबा होते तोवर दर शिमग्याला पालखी पहिली आमच्याच दारात आली. देवीची ओटी भरायला घरात बाई नव्हती, म्हणून रावजीकाकांची सून यायची.